गंगथडीतील भिल्लांची कत्तल आणि वंशसंहाराच्या कारणांचा शोध

१८०४ साली पेशव्यांचा खानदेशातील सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांच्या एका मोठ्या जमावाला गोदावरीकाठी कोपरगावला बोलावून घेतले. हा सल्ला त्याला त्याच्याच हाताखालच्या मनोहरगीर गोसाव्याने दिला होता. भिल्ल आले. त्यांना दग्याने धरण्यात आले आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन विहिरींत लोटून मारण्यात आले. अहमदनगर जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटियरात ही हकीकत मोजक्या शब्दांत येते. पुढे काही वर्षांनी गंगथडी, म्हणजे गोदेचे खोरे, भिल्लांपासून साफ करण्याचे काम नारोबा नावाच्या एका पाटलावर सोपवण्यात आले. त्याच्या दिमतीला ५,००० घोडेस्वार आणि वर पायदळ होते; अधिकाराला मर्यादा नव्हती. भिल्ल दिसेल तिथे कापायचा, अशी त्याची रीत. १५ महिन्यांत १५,००० माणसे मारली गेली असे म्हणतात, अशी नोंद गॅझेटियरात आहे. आकडा ऐकीव आहे, हे नोंदीच्या शब्दांवरूनच कळते.

खानदेशचे १८८० चे गॅझेटियर याहून पुढे जाते. अशांत मुलखात सापडलेल्या भिल्लाची चौकशी होत नसे. फटके आणि फाशी एवढाच निवाडा. नाककान कापून उन्हात टाकणे, तापवलेल्या तोफेवर बसवणे, कन्नडजवळच्या अंतूर किल्ल्याच्या कड्यावरून लोटणे हे प्रकार वर्षानुवर्षे चालले. कोपरगाव, धरणगाव आणि चाळीसगाव या तीन ठिकाणी माफीचे आमिष दाखवून गोळा केलेल्या जमावांचा शिरच्छेद झाला किंवा त्यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. बायकांना धुराने गुदमरवले, मुलांना दगडावर आपटले. मजकूर वाचवत नाही. पण बायका आणि मुले या दोन शब्दांपाशी थांबावे लागते, कारण वंशसंहाराच्या अभ्यासात पुष्कळसे त्यांच्यावरच ठरते. दरोडेखोर म्हणून पुरुष मारला असे एक वेळ म्हणता येईल. तान्ह्या मुलाने कोणता दरोडा घातला होता?

नाशिक जिल्ह्यातील देवळ्याच्या परिसराला हा इतिहास परका नाही. देवळा, कळवण, सटाणा हा मुलूख म्हणजे जुने बागलाण, आणि १८६९ साली नाशिकचा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत बागलाण खानदेशात मोडत असे. उत्तरेला गिरणेचे खोरे, दक्षिणेला गोदेचे. मध्ये चांदवडची डोंगररांग, तिच्यावर धोडप, कांचना, इंद्राई, राजधेर असे किल्ले. देवळ्याहून चांदवडला जाताना लागणारी भावडबारी ही या रांगेतून उतरणाऱ्या अनेक वाटांपैकी एक. अशा बाऱ्यांच्या आसपास डोंगराच्या कुशीत भिल्लांची वस्ती असे आणि वाटेची राखण त्यांच्या नाईकांकडे असे. वाटसरूंकडून, व्यापाऱ्यांच्या तांड्यांकडून, पायथ्याच्या गावांकडून त्यांना ठरलेला हक्क मिळे. सपाटीवरच्या गावांतही भिल्ल जागल्या होता. रात्रीची गस्त, चोराचा माग काढणे, चोरी झाली तर भरून देणे ही त्याची कामे, आणि त्याबदल्यात खळ्यावरचे धान्य. कुणबी आणि भिल्ल एका गावगाड्यात होते. हे नाते बरोबरीचे नव्हते. पण ते होते, आणि पिढ्यानपिढ्या चालले होते.

मग ते मोडले कसे? वंशसंहाराच्या कारणांचा अभ्यास करणारे आज जगभर जो प्रश्न विचारतात, तो हाच आहे. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन समाजांत हत्या सुरू होते, तेव्हा त्याआधीच्या १०-२० वर्षांत काय झाले? द्वेष होताच, असे उत्तर सोपे असते आणि बहुतेक वेळा अपुरे निघते. द्वेष पुष्कळ ठिकाणी असतो. कत्तल फार थोड्या ठिकाणी होते.

या अभ्यासाचा पाया राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू वकिलाने घातला. नाझींनी व्यापलेल्या युरोपातील कायद्यांवरचे त्याचे पुस्तक १९४४ साली अमेरिकेत निघाले. एखाद्या समूहाला समूह म्हणून नष्ट करण्याच्या गुन्ह्याला त्यात त्याने पहिल्यांदा स्वतंत्र नाव दिले. नाझींच्या छळात त्याचे आईवडील धरून ४९ नातलग गेले. त्याच्या खटपटीने ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. भारताने १९५९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. करारानुसार राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेल्या पाच कृत्यांना वंशसंहार म्हणतात: समूहातील माणसे मारणे, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, जगणेच अशक्य होईल अशी परिस्थिती लादणे, जन्म रोखणे, मुले काढून घेणे. राजकीय गट या व्याख्येतून वगळले गेले, कारण अनेक सरकारांना ते गैरसोयीचे होते. व्याख्येची खरी किल्ली ‘हेतू’ या शब्दात आहे, आणि तोच सिद्ध करणे सर्वांत अवघड.

खानदेशची मोडतोड १७९५ नंतर वेगाने झाली. त्या साली सवाई माधवराव गेले, १८०० मध्ये नाना फडणवीस गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या हाती सत्ता आली ती शिंदे आणि होळकर यांच्या भांडणात सापडलेली. १८०२ साली यशवंतराव होळकराची फौज खानदेशातून लुटत गेली आणि ऑक्टोबरात तिने पुण्याजवळ पेशव्याचा पराभव केला. बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पुढच्याच वर्षी इंग्रज-मराठे युद्ध पेटले. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. त्या काळच्या फौजांना रसद पाठीमागून येत नसे, त्या ज्या मुलखातून जात त्यावरच जगत. पेंढारी त्यांच्या मागे असत. त्यातच पाऊस नाही. १८०३-०४ चा दुष्काळ खानदेश, नाशिक आणि नगरच्या आठवणीत पुढे दीर्घकाळ राहिला. वसुलीचे काम मक्त्याने दिले जात होते. मक्तेदाराला एकदोन वर्षांत आपले पैसे सोडवून घ्यायचे असत, भिल्ल नाईकाचा जुना हक्क देण्यात त्याला काही स्वारस्य नव्हते.

गावे उजाड झाली, तेव्हा जागल्याला धान्य देणारे खळेच उरले नाही. तांडे थांबले, बारीवरचा हक्क थांबला. भिल्ल गावे सोडून डोंगरात गेले आणि टोळ्या करून सपाटीवर उतरू लागले. दुष्काळ सरला तरी लूट थांबली नाही, आणि तिचा मार बसला तो सरदारांना नव्हे, नुकत्याच सावरू लागलेल्या कुणब्यांना. गाव जाळणे, गुरे हाकून नेणे, पाटलाला पळवून खंडणी मागणे हे सगळे भिल्लांनी केले. ते झाकून ठेवून कारणांचा शोध लागत नाही. पीडित समूह निरपराधांचाच असला पाहिजे, अशी अट वंशसंहाराच्या व्याख्येत कुठेही नाही.

या लुटीकडे भिल्ल स्वतः कसे पाहत, याचा पत्ता कागदांत क्वचित लागतो. बागलाण आणि सुरगाण्याला लागून असलेल्या डांगमध्ये इतिहासकार अजय स्कारिया यांनी तिथल्या भिल्लांच्या ‘गोठी’ गोळा केल्या. त्यांचे पुस्तक १९९९ साली आले. या गोठींत भूतकाळाचे दोन भाग पडतात: मोकळ्या हिंडण्याफिरण्याची ‘मोगलाई’ आणि इंग्रजांनी हद्दी आखल्यानंतरची ‘मंदिनी’. सपाटीवरच्या गावांकडून घ्यायचा वाटा म्हणजे ‘गिरास’. तो नाकारला तर धाड घालून वसूल करायचा. धाड म्हणजे त्यांच्या दृष्टीने चोरी नव्हे, राज्यातला आपला हिस्सा. पुण्याच्या दप्तरात मात्र तोच माणूस चोर होता. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात, आणि नेमकी अशीच जागा धोक्याची असते.

असा प्रसंग जगात इतरत्रही घडलेला आहे, आणि विलक्षण सारखेपणाने. दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीत डच शेतकरी उत्तरेकडे सरकत गेले, तसे सान शिकाऱ्यांचे पाणवठे आणि शिकारीची राने त्यांच्या हातून गेली. सान लोक मेंढ्या-गुरे पळवू लागले. शेतकऱ्यांनी घोडेस्वारांची पथके उभारली, आणि १७७७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने सान लोकांच्या समूळ उच्छेदाला मान्यता दिली. पुरुष मारले गेले, मुले शेतावर राबायला नेली गेली. मोहम्मद अधिकारी या इतिहासकाराने याला स्पष्टपणे वंशसंहार म्हटले आहे. कॅलिफोर्नियात १८४८ ला सोने सापडल्यावर तिथल्या मूळ रहिवाशांची ओकची राने आणि माशांच्या नद्या गेल्या. उपाशी माणसांनी गुरे मारली. त्याची शिक्षा म्हणून वस्त्याच्या वस्त्या संपवण्यात आल्या, आणि स्वयंसेवक पथकांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून झाला. मूळ रहिवासी नामशेष होईपर्यंत हे युद्ध चालेल, असे राज्यपाल पीटर बर्नेटने १८५१ साली विधिमंडळापुढे सांगितले होते. १८४६ मध्ये सुमारे दीड लाख असलेली त्यांची संख्या १८७० च्या आसपास सुमारे ३०,००० वर आली. त्यात रोगराई आणि उपासमारीचे बळी फार मोठे आहेत, पण बंदुकीचेही आहेत.

जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, हेतू लेखी आहे. हेरेरो लोकांनी १९०४ च्या जानेवारीत बंड केले. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गला त्यांचा पराभव झाल्यावर सेनापती फॉन ट्रोथा याने त्यांना ओमाहेकेच्या वाळवंटात पळायला लावून पाणवठे रोखले आणि २ ऑक्टोबरला फर्मान काढले: जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोला, हत्यार असो नसो, गोळी घातली जाईल. बायका-मुलांना आसरा मिळणार नव्हता. हेरेरोंचा फार मोठा भाग संपला. इथे बंडखोर आणि बंडखोराची जात यांतली रेघ फर्मानाच्या एका ओळीत पुसली जाते.

गंगथडीत ती रेघ केव्हा पुसली? कोपरगावला बोलावलेले भिल्ल निदान एका टोळीबंडाशी जोडलेले होते, किंवा तसे मानले गेले होते. नारोबाच्या मोहिमेत तेवढेही उरले नाही. मुलूख भिल्लांपासून साफ करायचा होता. ‘साफ करणे’ ही भाषा माणसांबद्दल वापरली जाऊ लागली की अभ्यासक कान टवकारतात. रवांडात १९९४ साली रेडिओवरून तुत्सींना झुरळे म्हटले जात होते. हत्येला ‘काम’ म्हणत. ज्यूंच्या संहाराचा पहिला मोठा इतिहास १९६१ साली लिहिणाऱ्या राऊल हिलबर्गने ही वाट पायरीपायरीने मांडली: आधी कोण ‘ते’ हे ठरवायचे, मग त्यांचे उपजीविकेचे साधन आणि मालमत्ता काढून घ्यायची, मग एका जागी गोळा करायचे, आणि शेवटी मारायचे. नाझी नोकरशाहीसाठी केलेली ही मांडणी मोडी कागदांवर चालणाऱ्या मराठी कारभाराला जशीच्या तशी लागू नये, हे उघड आहे. तरी हक्क बंद होणे, माफीच्या नावाने एका ठिकाणी बोलावणे आणि नंतरचा घात हा क्रम लक्षात राहतो.

फरकही तितकाच मोठा आहे. झिग्मुन्ट बाऊमन या समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये असे मांडले की ज्यूंचा संहार हा रानटीपणाकडे परतणे नव्हता. कारखाने, फायली, वेळापत्रके आणि कामाची विभागणी या आधुनिक गोष्टींशिवाय तो शक्यच नव्हता. खानदेशात उलट चित्र दिसते. तिथे हत्या झाली ती राज्य बळकट होते म्हणून नव्हे, ढासळत होते म्हणून. ज्याला डोंगरातल्या नाईकाशी वर्षानुवर्षे बोलणी करण्याची, हक्क वेळेवर पोचवण्याची, पाटील आणि भिल्ल यांच्या तक्रारी ऐकण्याची ताकद उरली नव्हती, अशा कारभाराने एका माणसाला फौज आणि बेलगाम अधिकार दिले. आधुनिक संहारांच्या आकडेवारीतही हेच दुसऱ्या बाजूने दिसते. बार्बरा हार्फ या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी १९५५ नंतरच्या गृहयुद्धांचा आणि सत्ता कोसळण्याच्या प्रसंगांचा तौलनिक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. जवळजवळ प्रत्येक संहार राजकीय उलथापालथीत किंवा तिच्या पाठोपाठ घडला होता. आधी एकदा असा संहार होऊन गेलेला असणे, सत्ताधाऱ्यांची बहिष्कारक विचारसरणी आणि हुकूमशाही कारभार यांनी धोका वाढत होता. समाजात निरनिराळे वंश असणे हे एकटे कारण त्यात फारसे टिकले नाही.

मारणारे कोण असतात, हाही याच शोधाचा भाग. क्रिस्टोफर ब्राउनिंगने हॅम्बुर्गच्या राखीव पोलिस बटालियन १०१ चा अभ्यास केला. सुमारे ५०० मध्यमवयीन, संसारी माणसे. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफुव गावात सुमारे १,५०० ज्यूंना मारण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या मेजरने ज्यांना जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, असे सांगितले. सुरुवातीला डझनभर बाजूला झाले. बाकीच्यांनी काम केले, ते ज्यूद्वेषापेक्षा सोबत्यांपुढे कमीपणा नको, हुकूम आहे, सगळे करताहेत, अशा कारणांनी. स्कॉट स्ट्रॉस या संशोधकाने रवांडाच्या तुरुंगांत शिक्षा भोगणाऱ्या दोनशेहून अधिक जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतही जुना खोल द्वेष थोड्यांच्याच बोलण्यात आला. युद्धाची भीती, गावातल्या वजनदार माणसांचा दबाव आणि न गेल्यास आपल्यालाच शिक्षा होईल हा धाक वारंवार आला. नारोबाच्या स्वारांच्या अशा मुलाखती कुणी घेतलेल्या नाहीत. पण तो बाहेरून आलेला सेनापती नव्हता, पाटील होता, हे ध्यानात घ्यावे लागते. लुटीचा मार ज्या वर्गाला बसत होता, त्याच वर्गातल्या माणसाला हत्यार देण्यात आले होते.

भिल्ल जन्मजातच लुटारू आहेत, हे निदान खरे होते का? याची परीक्षा इतिहासाने पुढच्या २० वर्षांतच घेतली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा पोलिटिकल एजंट झाला. त्याने काही नाईकांना नेमणुका दिल्या, पण मुख्य भर फौजेवर आणि सातपुड्याच्या वाटा अडवण्यावर होता. नाईक पकडले जात, फाशी जात, त्यांच्या जागी नवे येत. याच्या थोडे आधी त्र्यंबकजी डेंगळ्याची गंमत घडली. गंमत हा शब्द इथे कडूच आहे. भिल्लांविरुद्धच्या मोहिमांशी ज्याचे नाव जोडले जाते तो बाजीरावाचा लाडका कारभारी गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनानंतर ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत पडला, १८१६ मध्ये तिथून निसटला आणि डोंगरात भिल्ल-रामोश्यांचाच आसरा घेऊन इंग्रजांविरुद्ध माणसे जमवू लागला. भिल्ल हे कारभाऱ्यांच्या लेखी नष्ट करण्याजोगी जमात होते आणि गरजेला वापरण्याजोगे सैन्यही होते.

१८२५ मध्ये बागलाणात पुन्हा भडका उडाला. सेवाराम नावाच्या सोनाराने साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाचे बनावट कागद दाखवून भिल्ल जमवले, अंतापूर लुटले गेले आणि जमाव मुल्हेरच्या किल्ल्यावर चढला. लेफ्टनंट जेम्स आउट्रमने थोड्या शिपायांनिशी रात्री छापा घालून तो पांगवला. त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. कन्नडच्या एजन्सीने भिल्लांना जमीन, तगाई, बैल आणि बियाणे देऊन वसवायला सुरुवात केली, आणि आउट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. धरणगाव हे कत्तलीचे एक ठिकाण, आणि कन्नड अंतूर किल्ल्याच्या शेजारचे. हा योगायोग भिल्लांच्या नजरेतून सुटला नसावा. भरतीच्या सुरुवातीला त्यांच्यात अफवा पसरल्या, त्या कॅप्टन ग्रॅहमने पुढे नोंदवून ठेवल्या: सरकार आपल्याला साखळीत ओवून सगळी जात संपवणार आहे, गोऱ्यांच्या देशात औषधाला माणसाचे रक्त लागते. ग्रॅहमला या कल्पना हास्यास्पद वाटल्या. माफीच्या निरोपावर जमलेल्यांचे कोपरगाव, चाळीसगाव आणि धरणगावला काय झाले, हे ठाऊक असणाऱ्याला हसू येणार नाही.

पलटण टिकली. आउट्रम भिल्लांबरोबर शिकारीला जाई, जखमींची देखभाल करी, स्वतः पहाऱ्याशिवाय त्यांच्यात राही. काही वर्षांत हेच ‘लुटारू’ खानदेशच्या वाटा राखू लागले, आणि १८९१ मध्ये पलटण जिल्हा पोलिसांत मिळवली जाईपर्यंत राखत होते. माणसे तीच, डोंगर तेच, मधे पिढी एकच. बदलले होते ते धान्य, जमीन, पगार आणि दिलेला शब्द पाळला जाणे. निर्मूलनाला दुसरा इलाजच नव्हता, हे समर्थन इथे गळून पडते. इंग्रज दयाळू होते, असा मात्र याचा अर्थ नाही. त्यांना वसुली हवी होती, फौजेचा खर्च कमी हवा होता. आणि जिथे भिल्ल वाकले नाहीत तिथे बंदूक होतीच. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यातल्या अंबापाणीच्या लढाईनंतर पकडलेल्या अनेक भिल्लांना जागच्या जागी लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या. जातच गुन्हेगार असते ही कल्पना तर इंग्रजांनी कायद्यातच घातली: गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारध्यांसारख्या जमातींना ठाण्यावर हजेरी द्यावी लागली.

गंगथडीतील प्रकाराला वंशसंहार म्हणावे का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. पेशव्यांच्या सरकारचा सगळे भिल्ल संपवण्याचा मनसुबा होता, असा पुरावा नाही. त्याच वर्षांत इतरत्र भिल्ल जागले कामावर होते, काही नाईकांशी तहही होत होते. उलट बाजूने, करारातला ‘अंशतः’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. बोस्नियातल्या स्रेब्रेनिका शहरात जुलै १९९५ मध्ये ८,००० च्या आसपास मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. क्रस्टिच खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००४ च्या अंतिम निकालात ठरवले की एका भूभागातला समूहही त्या समूहाचा मोठा आणि अर्थपूर्ण ‘अंश’ असू शकतो. त्याला नष्ट करण्याचा हेतू वंशसंहारासाठी पुरतो. एक खोरे भिल्लांपासून साफ करा, या हुकुमाला ही कसोटी लावली तर उत्तर होकाराकडे झुकते. कोपरगावच्या दोन विहिरी, एकट्या घेतल्या, तर सामूहिक हत्या ठरतील. नारोबाचे १५ महिने आणि त्यात मेलेली बायका-मुले यांना तेवढ्यावर सोडता येत नाही. करार मागच्या काळाला लागू होत नाही, त्यामुळे हा निवाडा इतिहासाचा आहे, कोर्टाचा नव्हे.

अडचण पुराव्याची आहे. गॅझेटियरे लिहिणाऱ्यांना आपल्या आधीचे राज्य काळेकुट्ट दाखवण्यात हित होते. आउट्रमची गोष्ट जितकी उजळ, तितकी बाळाजी लक्ष्मणाची काळी. घटना ७०-८० वर्षांपूर्वीच्या, आणि माहिती देणारे बहुधा ग्रॅहमसारखे अधिकारी. पण पक्षपात आहे म्हणून घटनाच खोटी, असे होत नाही. स्थळे, माणसांची नावे आणि हत्येच्या पद्धती एकाहून अधिक ठिकाणी जुळतात. मराठी इतिहासलेखनाने दुसऱ्या बाजीरावाला बोल लावायला कसर ठेवली नाही, मात्र तो वसईच्या तहासाठी, खडकीच्या पराभवासाठी, पळपुटेपणासाठी. कोपरगाव वाचकाला माहीत असते ते तिथे १७८३ साली वारलेल्या राघोबादादांमुळे.

मूळ कागद मराठी आहेत आणि मोडीत आहेत. पेशवे दप्तराचे रुमाल पुण्यात आहेत. खानदेशच्या घराण्यांची कागदपत्रे धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने जमवलेली आहेत. सुमित गुहा यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात अशाच मराठी कागदांवरून दाखवून दिले, की रानातले आणि सपाटीवरचे लोक कधीच दोन वेगळ्या जगांत नव्हते. चाकरी, व्यापार, धाड आणि तह यांत त्यांचे नाते हेलकावत असे. वंशसंहाराचा प्रश्न मनात धरून हे कागद वाचायचे, तर शोधण्याच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: नारोबाच्या स्वारांचा खर्च कोणत्या खाती पडला, मुंडक्यांमागे बक्षीस होते का, माफीचे कौल कोणाच्या सहीने निघाले, पकडलेल्या बायका-मुलांचे काय करावे याबद्दल पुण्याहून काही लिहून आले का, आणि नाईकांचे हक्क नेमक्या कोणत्या सालापासून जमाखर्चातून गळाले. हिशेबाचे कागद सहसा खोटे बोलण्यासाठी लिहिले जात नाहीत. हेतूचा माग तिथे लागण्याचा संभव गॅझेटियरापेक्षा जास्त आहे.